संबंधित लेख जोडण्यासाठी प्लगइन निवडताना : क्रम, विषय आणि संदर्भ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वर्डप्रेसवरील आपल्या ब्लॉगवर काही वर्षांत सुमारे चारशे लेख जमले आहेत; त्यांतील काही मालिकांचे भाग आहेत, बाकीचे सुटे आहेत; शोधयंत्रातून आलेला वाचक एक लेख वाचून निघून जातो; आणि हे सर्व लेख नीट लावून एकमेकांशी जोडून देणारे एखादे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जादा सोय देणारा जोडप्रोग्राम, आपल्याला हवे आहे. एखादे नाव सांगून उत्तर संपवता येईल, पण त्याने आपली अडचण सुटणार नाही, कारण लेखांमधील नाती एकाच प्रकारची नसतात, आणि सगळी नाती सांभाळण्याचा दावा करणारे प्लगइन सहसा त्यांतले एकच बऱ्यापैकी सांभाळते.

पहिले नाते क्रमाचे असते. मालिकेचा तिसरा भाग वाचणाऱ्याला दुसरा आणि चौथा भाग हवा असतो, आणि तो कोणता हे लेखकाने आधीच ठरवलेले असते. त्यात अंदाजाला जागा नसते. दुसरे नाते विषयाचे असते. दोन लेख एकाच विषयावर आहेत, पण त्यांत आधी-नंतर असे काही नाही. तिसरे नाते संदर्भाचे असते. या लेखातील एका वाक्यात जी संकल्पना ओझरती आली आहे तिचे सविस्तर विवेचन त्या लेखात आहे, आणि म्हणून वाचकाला नेमक्या त्या वाक्यापाशी तिकडे जाण्याची वाट हवी आहे. पहिल्यासाठी मालिकेचे प्लगइन लागते, दुसऱ्यासाठी आधी शिस्तीचे वर्गीकरण आणि मग गरज भासल्यास ‘संबंधित लेख’ दाखवणारे प्लगइन, तर तिसऱ्यासाठी मुख्यतः लेखकाचा हात लागतो आणि प्लगइन केवळ आठवण करून देण्याचे काम करते.

कोणतेही प्लगइन बसवण्यापूर्वी त्याला एक कसोटी लावावी, असे मी आग्रहाने सांगेन : हे प्लगइन उद्या बंद केले तर मी जोडलेल्या नात्यांपैकी काय उरेल? नाती चार ठिकाणी राहू शकतात. काही प्लगइन्स ती वर्डप्रेसच्या स्वतःच्या टॅक्सॉनॉमीत, म्हणजे कॅटेगरी आणि टॅग ज्या टेबलांत साठवले जातात त्याच टेबलांत ठेवतात. काही ती थेट लेखाच्या मजकुरात साध्या लिंकच्या रूपाने लिहितात. काही लेखाशी जोडलेल्या मेटा माहितीत किंवा स्वतःच्या वेगळ्या टेबलात ठेवतात. उरलेली काहीच कायमचे साठवत नाहीत. पान उघडताना हिशेब करून यादी दाखवतात. पहिल्या दोन ठिकाणी ठेवलेली नाती प्लगइननंतरही उरतात, तिसऱ्या ठिकाणची कष्टाने बाहेर काढता येतात, आणि चौथ्या प्रकारात उरण्यासारखे काही नसतेच. चौथा प्रकार वाईट आहे असे नाही. फक्त ज्या नात्यांवर आपण स्वतः विचार करून वेळ घालवणार आहात ती तेथे ठेवू नयेत. प्लगइनचे आयुष्य ब्लॉगपेक्षा बरेचदा कमी असते. लेखांमधील परस्परसंबंधांसाठी एकेकाळी हमखास सुचवले जाणारे ‘पोस्ट्स टू पोस्ट्स’ हे प्लगइन त्याच्या लेखकाने पुढे सांभाळणे थांबवले, आणि ज्या संकेतस्थळांची सगळी जोडणी त्याच्या वेगळ्या टेबलात होती त्यांना ती दुसरीकडे हलवण्याचा खटाटोप करावा लागला.

शॉर्टकोडच्या, म्हणजे लेखात लिहिलेल्या आणि पान दाखवताना प्लगइनने उलगडायच्या संकेताच्या, बाबतीत याच कसोटीचे एक उपकलम आहे. मालिकेची यादी दाखवण्यासाठी प्लगइनने प्रत्येक लेखात चौकटी कंसातला शॉर्टकोड टाकायला लावला, तर प्लगइन बंद होताच तो कंस जसाच्या तसा वाचकाला दिसू लागतो. चारशे लेखांतून तो शोधून काढणे हे वेगळे काम होऊन बसते. म्हणून जे प्लगइन यादी आपोआप लेखाच्या वर किंवा खाली जोडते, किंवा थीमच्या, म्हणजे ब्लॉगचे दृश्य रूप ठरवणाऱ्या रचनेच्या, साच्यात एकदाच बसवता येते, ते नेहमी बरे.

आता वर्गीकरणाकडे येतो, कारण बहुतेक ब्लॉगांवरचा खरा गोंधळ येथे असतो आणि तो निस्तरल्याशिवाय बसवलेले कोणतेही ‘संबंधित लेख’ प्लगइन चुकीच्याच गोष्टी जोडत राहते. वर्डप्रेसमध्ये कॅटेगरी आरंभापासून होत्या. टॅग आणि त्यांच्यासोबत आजची टॅक्सॉनॉमीची रचना सप्टेंबर २००७ मध्ये आलेल्या २.३ या आवृत्तीपासून आली. कॅटेगरीला पोटकॅटेगरी असू शकते, टॅग सगळे एकाच पातळीवर असतात, आणि प्रत्येक लेखाला किमान एक कॅटेगरी असावीच लागते, त्यामुळे आपण काही निवडले नाही तर लेख मूळच्या ‘अवर्गीकृत’ कप्प्यात जातो. कॅटेगऱ्या थोड्या असाव्यात, ब्लॉग कशाबद्दल आहे हे त्यांची यादी वाचून नव्या माणसाला कळावे, आणि एका लेखाला शक्यतो एकच द्यावी. टॅग अधिक असण्यास हरकत नाही, परंतु ज्या टॅगखाली एकच लेख आहे तो टॅग काहीही जोडत नाही. उलट त्याचे एक रिकामटेकडे पान मात्र तयार होते आणि शोधयंत्रे ते वाचत बसतात.

प्रत्यक्ष टॅगांची यादी उघडून पाहिली की बहुधा एकाच गोष्टीचे तीन-चार टॅग सापडतात : एक एकवचनी, एक अनेकवचनी, एक ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाचा, एक रोमन लिपीतला. डोळ्याला ते एकच वाटतात, पण डेटाबेसच्या दृष्टीने ती चार वेगळी नावे असतात आणि त्यांखालचे लेख एकमेकांना ओळखत नाहीत. हे एकत्र करण्यासाठी ‘टॅक्सोप्रेस’ हे प्लगइन उपयोगी पडते. पूर्वी ते ‘सिंपल टॅग्ज’ या नावाने ओळखले जाई. त्यात टॅगांचे विलीनीकरण, नाव बदलणे आणि अनेक लेखांना एकदम टॅग देणे या सोयी आहेत. केवळ विलीनीकरण आणि कॅटेगरीचा टॅग किंवा टॅगची कॅटेगरी करणे एवढेच हवे असेल तर ‘टर्म मॅनेजमेंट टूल्स’ हे लहानसे प्लगइन पुरते, आणि काम संपल्यावर ते काढून टाकले तरी केलेला बदल तसाच राहतो, कारण तो वर्डप्रेसच्या स्वतःच्या टेबलांत झालेला असतो. विलीनीकरण मागे घेता येत नाही, म्हणून त्यापूर्वी डेटाबेसची प्रत घेऊन ठेवावी.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा स्लग, म्हणजे पत्त्यातील नाव, बदलले तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवते आणि जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवते. कॅटेगरी किंवा टॅगचा स्लग बदलल्यास अशी सोय नाही. जुने पान सरळ ‘सापडले नाही’ असे सांगते. म्हणून टॅगांची साफसफाई करताना ‘रिडायरेक्शन’ हे प्लगइन सोबत ठेवून, ज्या टॅग-पानांना बाहेरून दुवे आहेत त्यांचे जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवून द्यावेत.

वर्गीकरण हाती आल्यावर मालिकांचे काम सोपे होते, पण मालिकेसाठी नुसती कॅटेगरी वापरू नये. कॅटेगरीचे पान नवीन लेख आधी दाखवते, त्यामुळे मालिकेचा शेवटचा भाग वर आणि पहिला भाग तळाशी, कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या पानावर जातो. बहुतेक थीम लेखाच्या खाली जे ‘मागील’ आणि ‘पुढील’ असे दुवे देतात तेही तारखेनुसार असतात. दोन भागांच्या मध्ये आपण एखादा सुटा लेख प्रसिद्ध केला असेल तर ‘पुढील’ दुवा त्या सुट्या लेखाकडे नेतो. त्यामुळे मालिका ही स्वतंत्र टॅक्सॉनॉमी असावी, तिचा क्रम चढता असावा आणि भागक्रमांक तारखेवर अवलंबून नसावा, या तीन अपेक्षा ठेवून प्लगइन निवडावे.

या अपेक्षा पूर्ण करणाऱ्यांत ‘पब्लिशप्रेस सिरीज’ हे जुने आणि रुळलेले नाव आहे; आधी ते ‘ऑर्गनाइझ सिरीज’ म्हणून ओळखले जाई. मालिकेचे नाव ते वेगळ्या टॅक्सॉनॉमीत ठेवते, प्रत्येक लेखाचा भागक्रमांक त्या लेखाच्या मेटा माहितीत ठेवते, आणि लेखाच्या वर ‘हा या मालिकेचा अमुक भाग आहे’ अशी पट्टी व सर्व भागांची यादी आपोआप दाखवू शकते. माझ्या मते यादी लेखाच्या वर थोडक्यात आणि पुढच्या भागाचा दुवा लेखाच्या शेवटी ठळकपणे, अशी विभागणी वाचकाला सोयीची पडते : चौथ्या भागावर थेट येऊन पडलेल्याला आधीचे तीन भाग आहेत हे सुरुवातीलाच कळते, आणि वाचून संपवलेल्याला पुन्हा वर जावे लागत नाही. बारा भागांची संपूर्ण यादी प्रत्येक लेखाच्या डोक्यावर उघडी ठेवणे मात्र टाळावे, कारण मोबाइलवर मूळ मजकूर सुरू होण्याआधीच एक पडदा संपतो.

मालिका दोन-चारच असतील आणि त्यांसाठी पूर्ण प्लगइन नको असेल, तर ‘कस्टम पोस्ट टाइप यूआय’ या प्लगइनने ‘मालिका’ नावाची टॅक्सॉनॉमी स्वतःच नोंदवता येते. तिच्या सेटिंगमध्ये ‘रेस्ट एपीआयमध्ये दाखवा’ हा पर्याय चालू ठेवावा लागतो, नाहीतर ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या लेख लिहिण्याच्या खिडकीत, लेखाच्या बाजूला मालिका निवडण्याची चौकट दिसतच नाही. अनेकांचा अर्धा दिवस या एका खुणेपायी जातो. त्यानंतर मालिकेसाठी एक स्वतंत्र पान तयार करून त्यात ‘क्वेरी लूप’ हा ब्लॉक टाकावा, मालिका निवडावी आणि क्रम ‘जुने आधी’ असा ठेवावा. हा ब्लॉक जुलै २०२१ मध्ये आलेल्या ५.८ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे, त्यामुळे त्यासाठी आणखी काही बसवावे लागत नाही. मात्र या मार्गात क्रम तारखेवरच ठरतो; भाग उलटसुलट प्रसिद्ध झाले असतील तर तारखा सुधाराव्या लागतील किंवा यादी हाताने लिहावी लागेल. हाताने लिहिलेल्या यादीला कमी लेखू नये. पूर्ण झालेल्या, पुन्हा न वाढणाऱ्या मालिकेसाठी प्रत्येक भागाखाली एका वाक्याचे वर्णन असलेले हाताने लिहिलेले अनुक्रमणिकेचे पान कोणत्याही प्लगइनच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी असते.

टॅक्सॉनॉमीत ठेवलेल्या नात्यांचा टिकाऊपणा येथे प्रत्यक्ष दिसतो. मालिकेचे प्लगइन बंद केल्यावर मालिका दिसेनाशा होतात आणि लोक घाबरतात, पण नोंदी डेटाबेसमध्ये तशाच असतात. फक्त ती टॅक्सॉनॉमी वर्डप्रेसला ओळखीची राहिलेली नसते. त्याच अंतर्गत नावाने ती पुन्हा नोंदवली की सर्व मालिका आणि त्यांखालचे लेख परत दिसू लागतात. अट एकच : प्लगइन काढताना ‘सर्व माहिती पुसून टाका’ असा पर्याय निवडलेला नसावा.

मालिकांच्या संदर्भात देवनागरी शीर्षकांची एक अडचण आहे, जी इंग्रजीत लिहिणाऱ्यांना कधी भेटत नाही आणि म्हणून प्लगइनच्या माहितीपत्रकांत सापडत नाही. वर्डप्रेस स्लगसाठी २०० वर्णांची मर्यादा ठेवते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि पत्त्यात ते टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहिले की त्याचे नऊ वर्ण होतात. म्हणजे स्लगमध्ये जेमतेम बावीस चिन्हे मावतात. ‘वर्डप्रेसमधील वर्गीकरण : भाग पहिला’ या शीर्षकातील पहिले दोन शब्दच एकवीस चिन्हांचे आहेत, त्यामुळे ‘भाग पहिला’ कापला जातो. दुसऱ्या भागाचा स्लगही तेथेच कापला जातो, आधीच्याशी तंतोतंत जुळतो, आणि मग वर्डप्रेस त्याच्या शेवटी दोनचा आकडा लावते. भाग क्रमाने प्रसिद्ध झाले तर हे आकडे योगायोगाने जुळतातही. पण दुसऱ्याआधी तिसरा प्रसिद्ध झाला तर तिसऱ्या भागाच्या पत्त्यात दोन आणि दुसऱ्याच्या पत्त्यात तीन येतो, आणि पत्ता पाहून दुवा देणारा माणूस चुकीच्या भागाकडे दुवा देतो. उपाय साधा आहे : मालिकेच्या लेखांचा स्लग प्रसिद्धीपूर्वी स्वतः लिहावा, तो आखूड ठेवावा, आणि भागक्रमांक त्यात इंग्रजी आकड्याने घालावा, कारण इंग्रजी आकडा एकच वर्ण घेतो. रोमन लिपीत स्लग द्यावा की देवनागरीत, हा आवडीचा प्रश्न आहे. मला स्वतःला मालिकांसाठी रोमन लिपीतील आखूड स्लग बरा वाटतो, कारण दुवा नकलून दुसरीकडे चिकटवल्यावर टक्केचिन्हांची लांबलचक रांग दिसत नाही.

आता ज्याला बहुतेक लोक ‘संबंधित लेखांचे प्लगइन’ म्हणतात त्याकडे येऊ. यातील प्रमुख नावे तीन : ‘यार्प’, म्हणजेच ‘येट अनदर रिलेटेड पोस्ट्स प्लगइन’, ‘कंटेक्स्चुअल रिलेटेड पोस्ट्स’, आणि ‘जेटपॅक’ या अनेक सोयी एकत्र देणाऱ्या प्लगइनमधील संबंधित लेखांची सोय. पहिली दोन आपल्याच डेटाबेसवर काम करतात. वर्डप्रेस ज्या डेटाबेसवर चालते त्या मायएसक्यूएलमध्ये ‘फुलटेक्स्ट’ नावाची शोधसूची असते. शीर्षक आणि मजकूर यांतील शब्द त्या सूचीत पाहून कोणते लेख एकमेकांशी अधिक जुळतात याचा गुणांक ही प्लगइन्स काढतात आणि ठरावीक गुणांच्या वरचे लेख दाखवतात. जेटपॅक हा हिशेब आपल्या सर्व्हरवर न करता वर्डप्रेस डॉट कॉमच्या सर्व्हरवर इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीच्या साहाय्याने करते. त्यामुळे आपल्या होस्टिंगवर भार येत नाही, पण त्यासाठी ब्लॉग त्या सेवेशी जोडावा लागतो आणि लेखांचा मजकूर तिकडे पाठवला जातो, हे मान्य असले पाहिजे.

मराठी ब्लॉगसाठी पहिल्या दोन प्लगइन्सच्या मूळ सेटिंगवर विसंबू नये. फुलटेक्स्ट सूची शब्दांची रूपे ओळखत नाही. तिच्यासाठी ‘छायाचित्रण’, ‘छायाचित्रणात’, ‘छायाचित्रणाची’ आणि ‘छायाचित्रणासाठी’ हे चार वेगळे शब्द आहेत. ज्या भाषेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, तेथे एकाच विषयावरील दोन लेख या हिशेबात परके ठरू शकतात. शिवाय दुर्लक्ष करण्याच्या शब्दांची मायएसक्यूएलची मूळ यादी इंग्रजी आहे, त्यामुळे ‘आणि’, ‘आहे’, ‘म्हणून’ हेही इतर शब्दांसारखेच सूचीत जातात. परिणाम असा होतो की मजकुरावर आधारलेली जुळणी इंग्रजी ब्लॉगवर जेवढी नेमकी वाटते तेवढी मराठीत वाटत नाही, आणि प्लगइन वाईट आहे असा समज होतो.

यावर उपाय प्लगइनच्या आतच आहे. ‘यार्प’मध्ये शीर्षक, मजकूर, कॅटेगरी आणि टॅग या प्रत्येकाचा विचार करायचा की नाही, करायचा तर किती वजन द्यायचे, आणि कॅटेगरी-टॅगच्या बाबतीत ‘किमान एक समान असलाच पाहिजे’ अशी अट घालायची का, हे वेगवेगळे ठरवता येते. मजकुराची जुळणी बंद करावी किंवा तिला साधे वजन द्यावे, टॅगला अधिक वजन द्यावे, आणि किमान एक समान टॅगची अट घालावी. वर सांगितलेली टॅगांची साफसफाई आधी का करायची, ते येथे कळते : टॅग नीट असतील तर ही अट अतिशय चांगली चाळणी ठरते, आणि नसतील तर तिच्यामुळे अर्ध्या लेखांखाली काहीच दिसत नाही. काहीच न जुळल्यास ‘ताजे लेख’ दाखवण्याची सोय काही प्लगइन्समध्ये असते. ती मी वापरत नाही, कारण असंबद्ध लेख ‘संबंधित’ या शीर्षकाखाली दिसू लागले की वाचक त्या यादीकडे पाहणेच सोडतो. तीन किंवा चार लेख दाखवावेत. दहा लेखांची यादी म्हणजे निवड वाचकावरच ढकलणे होय.

भाराबद्दल थोडे. प्रत्येक पानासाठी हा हिशेब नव्याने करणे महाग असते, म्हणून ‘यार्प’ आपली उत्तरे स्वतःच्या टेबलात साठवून ठेवते आणि ‘कंटेक्स्चुअल रिलेटेड पोस्ट्स’मध्येही कॅशचा, म्हणजे तयार उत्तर साठवून ठेवण्याचा, पर्याय आहे, तो चालू आहे याची खात्री करावी. यादृच्छिक क्रमाने लेख दाखवण्याचा पर्याय असेल तर तो टाळावा. डेटाबेसला तो जड जातो आणि पानांची कॅश असेल तर तसाही यादृच्छिक राहत नाही. ब्लॉग फार जुना असल्यास लेखांचे टेबल कोणत्या प्रकारचे आहे तेही होस्टिंगच्या पॅनेलमधून पाहून घ्यावे. मायएसक्यूएल ५.६ पूर्वी फुलटेक्स्ट सूची फक्त ‘मायआयसॅम’ प्रकारच्या टेबलांवर चालत असे, म्हणून अशा प्लगइन्ससाठी टेबल त्या प्रकारात ठेवावे लागे. आज ‘इनोडीबी’वरही ती चालते, आणि जुने टेबल त्या प्रकारात आणून ठेवणे सुरक्षित असते. काही होस्टिंग सेवा या जातीची प्लगइन्स भाराच्या कारणाने चालूच देत नाहीत, तेव्हा बसवण्यापूर्वी त्यांची यादी तपासावी.

तिसरे नाते, संदर्भाचे, मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि प्लगइनची मदत त्यातच सर्वांत कमी होते. वाक्यातच दिलेला दुवा वाचकाला त्याचा प्रश्न ज्या क्षणी पडतो त्याच क्षणी भेटतो. लेखाखालची यादी बरीच नंतर येते, तीही तो शेवटपर्यंत पोहोचला तर. शोधयंत्रांनाही असा दुवा अधिक सांगतो, कारण ज्या शब्दांवर तो दिलेला असतो ते शब्द पुढच्या पानाचा विषय सांगतात. म्हणून ‘येथे वाचा’ या शब्दांवर दुवा देऊ नये. विषयाचे नाव ज्या शब्दांत आले आहे त्यांवर द्यावा. ब्लॉक एडिटरमध्ये शब्द निवडून लिंकची चौकट उघडली की आपल्याच लेखांच्या शीर्षकांत शोधता येते, आणि मे २०२२ मधील ६.० या आवृत्तीपासून नुसते दोन उघडे चौकटी कंस टाइप केले तरी लेखांची यादी समोर येते. एवढी सोय असताना वेगळ्या साधनाची गरज फक्त जुने लेख आठवत नसतील तेव्हा पडते.

तशी गरज पडली तर दोन जातींची प्लगइन्स मिळतात आणि त्यांत गल्लत होऊ देऊ नये. ‘लिंक व्हिस्पर’सारखे प्लगइन लिहिताना सुचवते की अमुक वाक्यातून तमुक लेखाकडे दुवा देता येईल, आपण मान्य केले तर तो दुवा मजकुरात लिहिला जातो आणि प्लगइन गेले तरी राहतो. ‘इंटर्नल लिंक ज्यूसर’सारख्या प्लगइनला आपण शब्द नेमून देतो, आणि तो शब्द जेथे जेथे येईल तेथे पान दाखवताना दुवा आपोआप चढवला जातो, मूळ मजकुरात काहीच बदलत नाही. दुसरा मार्ग झटपट आहे, पण मी तो सुचवणार नाही. कमीत कमी श्रमात शेकडो दुवे तयार होतात खरे, परंतु संदर्भ न पाहता. आणि मराठीत येथेही तीच अडचण उभी राहते, की शब्दाचे प्रत्येक रूप वेगळे नेमावे लागते, तर आखूड शब्द नेमला तर तो भलत्याच वाक्यात जाऊन बसतो. पहिल्या जातीतील सूचनाही इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घडवलेल्या असतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आपल्या भाषेतील लेखांवर तिचा वापर करून पाहावा.

दुवे देण्यात एक स्वाभाविक असमतोल असतो, आणि तो कोणतेही प्लगइन आपणहून दूर करत नाही. नवा लेख लिहिताना आपल्याला जुने लेख आठवतात, म्हणून नव्याकडून जुन्याकडे दुवे जातात. जुना लेख लिहिला तेव्हा नवा अस्तित्वातच नव्हता, म्हणून उलट दिशेने काहीच जात नाही. शोधयंत्रातून येणारे वाचक मात्र बहुधा जुन्या लेखांवरच उतरतात. त्यामुळे प्रत्येक नवा लेख प्रसिद्ध केल्यावर दोन-तीन जुने लेख उघडून, त्यांतील योग्य वाक्यातून नव्याकडे दुवा देण्याची सवय लावावी. कोणते लेख एकटे पडले आहेत हे पाहण्यासाठी योस्ट या प्लगइनची विनामूल्य आवृत्तीही उपयोगी आहे : लेखांच्या यादीत ती प्रत्येक लेखातून बाहेर जाणाऱ्या आणि त्याकडे येणाऱ्या अंतर्गत दुव्यांची संख्या वेगळ्या स्तंभांत दाखवते. येणारे दुवे शून्य असलेले लेख आधी हाती घ्यावेत. या कामात एक किरकोळ त्रास होतो : आपल्याच लेखाला दुवा दिला की वर्डप्रेस आपल्याच ब्लॉगला पिंगबॅक, म्हणजे दुवा दिल्याच्या आपोआप जाणाऱ्या सूचना, पाठवते आणि ते टिप्पण्यांत जमू लागतात. चर्चेच्या सेटिंगमधून पिंगबॅक बंद करावेत, किंवा इतरांचे हवे असतील तर ‘नो सेल्फ पिंग्ज’ हे छोटे प्लगइन बसवावे.

काही ब्लॉगांवर चौथी गरज असते, जी आपल्या प्रश्नात नाही पण पुढे उद्भवू शकते : दोन लेखांचे नाते निश्चित आहे, त्याला नाव आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी दिसायला हवे, जसे पुस्तकाचा परिचय आणि त्या पुस्तकाच्या लेखकावरील लेख. तेथे ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’मधील ‘रिलेशनशिप’ हे क्षेत्र वापरतात. त्या प्लगइनच्या २०२३ मधील ६.२ या आवृत्तीपासून ते दुहेरी करता येते, म्हणजे एका बाजूने जोडले की दुसऱ्या बाजूला आपोआप नोंद होते. ‘पॉड्स’मध्येही अशी सोय आहे. मात्र दाखवण्यासाठी थीममध्ये हात घालावा लागतो, आणि केवळ ‘हेही वाचा’ एवढ्यासाठी हा व्याप करू नये.

चारशे लेखांवर हे सगळे एकदम करायला घेतले तर काम अर्धवट राहते. माझा सल्ला असा की आधी प्रत घेऊन टॅग आणि कॅटेगऱ्या आवराव्यात, मग मालिका लावून टाकाव्यात, कारण त्या मोजक्या असतात आणि त्यांचे उत्तर निश्चित असते. त्यानंतर सर्वाधिक वाचले जाणारे वीस-पंचवीस लेख घेऊन त्यांच्या मजकुरात हाताने दुवे द्यावेत. स्वयंचलित यादीचे प्लगइन सर्वांत शेवटी बसवावे, आणि पहिल्या आठवड्यात निरनिराळ्या विषयांचे लेख उघडून ती काय दाखवते आहे ते स्वतः पाहावे. प्लगइन निवडताना त्याच्या अधिकृत पानावर शेवटचे अद्ययावतन कधी झाले ते वाचावे. वर्डप्रेसच्या गेल्या तीन मुख्य आवृत्त्यांवर तपासलेले नसेल तर तशी सूचना त्या पानावरच ठळकपणे दिलेली असते.

या कामात काही लेख असे सापडतील की ते कोणत्याच मालिकेत, टॅगात किंवा संदर्भात बसत नाहीत, कारण त्याच विषयावर आपण पुढे अधिक चांगला लेख लिहिलेला असतो. त्यांना ओढूनताणून जोडण्यापेक्षा त्यांतील उपयोगी परिच्छेद नव्या लेखात घ्यावा, जुना लेख काढून टाकावा, आणि त्याच्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ‘रिडायरेक्शन’मधून ३०१ प्रकारचे कायमचे वळण द्यावे. त्यानंतर जुन्या पत्त्याकडे जाणारे आपल्याच लेखांतील दुवेही शोधून थेट नव्या पत्त्यावर करून घ्यावेत. वळणावरून वाचक पोहोचतो खरा, पण पुढे कधी तो नवा लेखही हलवला तर वळणावर वळण साचत जाते.